386 मध्ये गोटेक: बसवा जरूर, पण मूळ फ्लॉपी ड्राइव्ह काढू नका

जुना पीसी चालू करायला घेतला की गाडी हमखास अडते ती फ्लॉपीपाशी. बोर्ड जिवंत होतो, स्क्रीनवर रॅम मोजली जाते, आणि मग यंत्र ए ड्राइव्हकडे, म्हणजे पहिल्या फ्लॉपी ड्राइव्हकडे, बघत बसतं. आता डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची काळ्या पडद्याची कार्यप्रणाली, चढवायचं कुठून? सोनीनं 2011 च्या मार्चमध्ये जपानमधली फ्लॉपीची विक्री थांबवली. आज बाजारात मिळतात त्या फ्लॉप्या एकतर वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिलेल्या, नाहीतर पुसून पुन्हा विकायला काढलेल्या. दहाच्या पाकिटातल्या किती चालतील हे फॉरमॅटला लावल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे या छंदातले बहुतेक जण शेवटी गोटेककडे, म्हणजे फ्लॉपीऐवजी पेन ड्राइव्ह वापरू देणाऱ्या डब्याकडे, वळतात. मीही वळले. माझ्या 386 आणि 486 या दोन्ही जुन्या पिढीतल्या पीसींत तो बसवलेला आहे आणि सतत वापरात आहे. मराठीत याबद्दल सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून जरा पाल्हाळ लावूनच लिहिते.

माझी गरज काय होती ते आधी सांगते, कारण त्यावरच माझं मत ठरलं आहे. मी साताऱ्याची. नव्वदच्या दशकात एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे आणि दुपारनंतर तिथंच जॉबवर्क करायचे. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, सभासदांच्या याद्या, निवडणुकीतली पत्रकं, भजनी मंडळांची पदं, असं काय वाट्टेल ते. आमच्या 386 मध्ये सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. मोहन तांबे हे त्यामागचं मुख्य नाव. बोर्डावरच्या आयसा स्लॉटमध्ये (जादा कार्डांच्या खाचेत) बसणारं ते कार्ड पडद्यावरची अक्षरं काढायचं काम स्वतःकडे घ्यायचं, त्यामुळे निव्वळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या डीबेससारख्या याद्या सांभाळायच्या प्रोग्रॅममध्येसुद्धा मराठी नावं भरता यायची. विंडोज नाही, माउस नाही, आणि डॉसच्या काळ्या पडद्यावर स्वच्छ देवनागरी! ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा आम्ही सगळ्या जणी खुर्च्या सोडून त्या एका स्क्रीनभोवती गोळा झालो होतो. इन्स्टिट्यूट बंद झाली तेव्हा आमच्या सरांनी ते यंत्र आणि फ्लॉप्यांचे डबे मला दिले. "तुझ्याकडंच राहू दे, बाकीचे भंगारात घालतील," म्हणाले. त्या डब्यांतलं काम वाचवायचं आणि यंत्र जिस्ट कार्डासकट चालतं ठेवायचं, हा माझा उद्योग.

गोटेक ही मुळात छंदवाल्यांसाठी केलेली वस्तू नव्हे. भरतकामाची यंत्रं, सीएनसी मशिनं, संगीताचे कीबोर्ड अशा ठिकाणी फ्लॉपी ड्राइव्ह असायचे. ते बिघडले तर अख्खं यंत्र बदलायला नको, म्हणून हा डबा आला. आकार साडेतीन इंची ड्राइव्हचाच, मागं तीच 34 पिनांची केबल आणि तीच छोटी चार पिनांची पॉवर, पुढं मात्र फ्लॉपीच्या फटीऐवजी पेन ड्राइव्हचं तोंड, दोन बटणं आणि तीन आकड्यांचा लाल डिस्प्ले. यंत्राला वाटतं आपण फ्लॉपी वाचतोय. प्रत्यक्षात पेन ड्राइव्हवरची फाइल वाचली जाते. सगळ्यात जास्त दिसणारं मॉडेल म्हणजे एसएफआर1एम44-यू100के. माझे दोन्ही तेच आहेत.

कारखान्यातून येतो तसाच वापरायचा म्हटलं तर गोटेक मला आवडला नाही. मूळ फर्मवेअर (डब्याच्या चिपमध्ये भरलेला प्रोग्रॅम) पेन ड्राइव्हचे 000 ते 999 असे हजार कप्पे पाडतं, तेही त्याच्याच सॉफ्टवेअरनं फॉरमॅट केल्यावर. कुठल्या कप्प्यात काय आहे ते वहीत लिहून ठेवायचं. शिवणयंत्राच्या कारखान्यात चार नक्षी बदलायला हे पुरतं, पण डॉसच्या डिस्क, जिस्टचे ड्रायव्हर, फॉक्सप्रो, टर्बो सी आणि आमच्या जुन्या कामाचा पसारा एकत्र सांभाळायचा तर आकड्यांनी भागत नाही.

खरी किमया आहे ती फ्लॅशफ्लॉपी या फर्मवेअरची. कीअर फ्रेझर यांनी लिहिलेलं आणि जगाला विनामूल्य दिलेलं हे फर्मवेअर गोटेकमध्ये घातलं की वस्तू पार बदलून जाते. साधा एफएटी32 पेन ड्राइव्ह चालतो. प्रत्येक फ्लॉपीची एक इमेज फाइल, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची प्रत असलेली एकच फाइल, नाव आपल्याला हवं ते, फोल्डर करता येतात. 360 केबीपासून 1.44 एमबीपर्यंतच्या सगळ्या पीसी डिस्क ते सांभाळतं, आमिगा आणि अटारीच्या इमेजसुद्धा घेतं. जुन्या यंत्रानं डिस्कवर काही लिहिलं की ते त्या इमेजमध्येच लिहिलं जातं, आणि पेन ड्राइव्ह उचलून आजच्या लॅपटॉपला लावला की फाइल समोर. हेच काम करणारं एचएक्ससी नावाचं पैसे देऊन घ्यायचं फर्मवेअरही आहे, पण पीसीसाठी फ्लॅशफ्लॉपी असताना मला त्याची गरज पडलेली नाही.

फर्मवेअर बदलणं कितपत अवघड? आत कुठली चिप आहे त्यावर आहे, आणि विकणारे ते सहसा लिहीत नाहीत. जुन्या गोटेकमध्ये एसटीएम32एफ105 असायची. नव्यांत आर्टरी कंपनीची एटी32एफ415 किंवा एफ435 येते. फ्लॅशफ्लॉपी तिन्हींवर चालतं. माझ्या पहिल्या डब्यात एसटीएम32 निघाली, तिच्यात यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर (लॅपटॉपला चिपशी जोडणारा छोटा बोर्ड) लावून फर्मवेअर भरलं. दुसऱ्यात आर्टरी होती, तिला दोन्ही टोकांना सारखीच मोठी पिन असलेली यूएसबी केबल लागली. दोन्हीकडे बोर्डावरची बूटची पिन 3.3 व्होल्टला जंपरनं (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीनं) जोडावी लागते, म्हणजे चिप नवा प्रोग्रॅम घ्यायला तयार होते. केबलमधूनच वीज मिळत असते, तेव्हा त्याच वेळी पीसीची पॉवर लावू नका. हा सोपस्कार एकदाच. पुढचे अपडेट पेन ड्राइव्हवर टाकायचे आणि दोन्ही बटणं दाबून धरत यंत्र चालू करायचं, बस्स.

एक सावधगिरी. माझा पहिला गोटेक "फ्लॅशफ्लॉपी घातलेला" म्हणून जाहिरात बघून मागवला होता, त्याचे पैसेही जास्त मोजले, आणि हातात आला तो मूळ फर्मवेअरचा. ओळखायची खूण सोपी आहे: पेन ड्राइव्ह न लावता पॉवर दिली की फ्लॅशफ्लॉपीवाल्या गोटेकच्या लाल डिस्प्लेवर दोन एफ आणि मध्ये आडवी रेघ दिसते. ती दिसली नाही तर लगेच परत करा किंवा जादा दिलेले पैसे मागा. त्या विक्रेत्यानं माझ्या तक्रारीला उत्तरसुद्धा दिलं नाही.

तीन आकड्यांचा डिस्प्ले काढून तिथं 0.91 इंची ओएलईडी (अक्षरं दाखवणारा छोटा पडदा) लावावा, असं मी आग्रहानं सांगेन. चार तारा आहेत: पॉवर, ग्राउंड आणि सिग्नलच्या दोन. सोबत गोल फिरवायचं बटण लावलं की रेडिओचं स्टेशन बदलावं तशी डिस्क बदलते, आणि पडद्यावर इमेजचं नाव येतं. नावं रोमन अक्षरांतच ठेवावी लागतात. माझी नजर आता बारीक सोल्डरिंगला पुरत नाही, म्हणून ते काम आमच्या गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या पोराकडं दिलं. त्यानं डबा उलटसुलट करून बघितला. "मावशी, हे नेमकं काय चालवतं हो?" म्हटलं, फ्लॉपी. त्यानं फ्लॉपी कधी हातात धरली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी एक घेऊन गेले, पत्र्याची झडप सरकवून आतली तपकिरी चकती दाखवली. त्या कामाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. वर पुढच्या प्लास्टिकला ओएलईडीपुरती खिडकी इतकी नीट कापून दिली की ती कारखान्यातलीच वाटते.

आता बसवण्याबद्दल. पण त्याआधी, ज्यांच्या हातात पहिल्यांदाच 386 किंवा सुरुवातीचा 486 येतोय त्यांनी बोर्डावरची बॅटरी बघा. बहुतेक बोर्डांवर 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियमची नळकांडी सोल्डर करून बसवलेली असते आणि ती गळते. आतलं रसायन अल्कधर्मी, ते बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खात जातं. आधी कीबोर्डच्या सॉकेटभोवती हिरवट-निळी बुरशीसारखी पूड दिसते, मग कीबोर्ड बंद, मग बोर्डच बंद. गळत नसली तरी ती कापून काढा. डाग पडलेली जागा पांढऱ्या व्हिनेगरनं पुसा, म्हणजे अल्कली निष्प्रभ होते, आणि त्यावरून आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून पूर्ण वाळू द्या. बदली सेल बोर्डापासून लांब, वायर काढून लावा, आणि तो साधा सेल असेल तर मध्ये डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, हवाच. बोर्डावरचं सर्किट बॅटरी चार्ज करायला बघतं, आणि साध्या सेलला चार्जिंग सोसत नाही.

बॅटरी गेली की बायॉसमधली (यंत्राच्या मूळ सेटिंगमधली) ड्राइव्हची नोंदही जाते. तेव्हा सेटअपमध्ये जाऊन ए ड्राइव्ह 1.44 एमबी साडेतीन इंची असं सांगायचं. पीसीच्या फ्लॉपी केबलला मध्ये काही तारांचा पीळ असतो. पिळाच्या पलीकडचं टोक ए, अलीकडचं बी. ही केबल असेल तर गोटेकवर जंपर एस1 ला ठेवायचा. केबलची लाल कडा पहिल्या पिनेकडे आहे ना, ते टॉर्च हातात घेऊन बघा, कारण गोटेकच्या सॉकेटला बऱ्याचदा उलटं लावणं अडवणारी खाच नसते. शेवटी पेन ड्राइव्हवरच्या एफएफ डॉट सीएफजी या फ्लॅशफ्लॉपीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये इंटरफेस आयबीएमपीसी आहे असं लिहायचं. बरेच जण नेमकी ही ओळ विसरतात. ती नसेल तर डिस्क बदलल्याचा इशारा पीसीपर्यंत नीट पोहोचत नाही आणि डॉस गोंधळतं.

वापरायला कसा आहे? सुख आहे. डॉस 6.22 च्या तीन डिस्क बटण फिरवत चढवल्या. 486 वर विंडोज 95 घालायची हौस होती. त्याच्या फ्लॉप्या 13, आणि पहिली सोडून बाकीच्या दर ट्रॅकला 21 सेक्टरच्या (नेहमीच्या 18 ऐवजी), जादा क्षमतेच्या घडणीतल्या. साध्या फ्लॉपीवर त्या उतरवणं किचकट असतं. गोटेकवर त्या फक्त 13 फाइली. वेगाबद्दल मात्र भलती आशा नको. तो खऱ्या ड्राइव्हइतक्याच वेगानं चालतो, कारण फ्लॉपी कंट्रोलरला तोच वेग कळतो. आवाज अजिबात नाही. मी 386 मध्ये छोटा बझर जोडून घेतला, तो ट्रॅक बदलताना कटकट करतो. शोभेसाठी नव्हे. डिस्कवर लिहिणं चालू आहे की थांबलं ते कानाला कळतं, आणि लिहिणं चालू असताना पेन ड्राइव्ह उपसायचा नाही, हा नियम आपोआप पाळला जातो.

इथवर वाचून कुणीही म्हणेल, मग जुना ड्राइव्ह कशाला ठेवायचा? आणि इथंच माझं सगळं सांगणं आहे. गोटेक फ्लॉपी वाचत नाही. त्यात फ्लॉपी जातच नाही. तो पीसीला फसवतो, पण डब्यातल्या फ्लॉप्यांवर जे पडून आहे त्याला हातही लावू शकत नाही. तरी मी कितीतरी यंत्रं अशी पाहिली की गोटेक आला त्याच दिवशी मूळ ड्राइव्ह काढून भंगारात गेला, आणि महिन्याभरानं घरच्या कुणाच्या तरी फ्लॉप्यांचा डबा माळ्यावरून खाली आला. चालू ड्राइव्ह आता दुर्मीळ होत चाललाय. नवा कुणी बनवत नाही. तुमच्या यंत्रातला चालत असेल तर तो गोटेकपेक्षा मोलाचा आहे.

मी गोटेक ए ला आणि मूळ ड्राइव्ह बी ला लावला आहे. केबलवर दोन्ही जागा असतातच. ही जोडी लावली की फ्लॉप्या वाचवायचं सगळ्यात स्वस्त साधन घरातच तयार होतं. गोटेकवर 1.44 ची एक रिकामी इमेज निवडून ती डॉसमधून फॉरमॅट करून घ्यायची, बी मध्ये जुनी फ्लॉपी घालायची आणि डॉसची डिस्ककॉपी ही आज्ञा बी पासून ए ला द्यायची. खऱ्या फ्लॉपीची हुबेहूब प्रत पेन ड्राइव्हवर, बरोबर 14,74,560 बाइटची: 80 ट्रॅक, दोन बाजू, 18 सेक्टर, प्रत्येकी 512 बाइट. नवीन लॅपटॉप नको, इंटरनेट नको. आमच्या डब्यांतल्या धडधाकट फ्लॉप्या मी अशाच उतरवल्या.

धडधाकट नसलेल्यांचं काय? साताऱ्याच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, फ्लॉपीला न येऊन कसं चालेल! झडप बाजूला सरकवून चकती हळूहळू फिरवत उजेडात धरली की दिसतं: तपकिरी पृष्ठभागावर पांढरे गोल ठिपके, मध्ये दाट, कडेला विरळ, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे फुटलेले. अशी फ्लॉपी पुसल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालायची नाही, कधीच नाही. बुरशी हेडला (ड्राइव्हमधल्या वाचणाऱ्या भागाला) चिकटते, आणि मग तोच मळका हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे काढत जातो. मी प्लास्टिकचं कवच कडेनं अलगद उकलते, चकती बाहेर काढते आणि मऊ कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून केंद्राकडून कडेकडे, अजिबात न रगडता पुसते. दोन्ही बाजू. पूर्ण वाळल्यावर चकती एका स्वच्छ रिकाम्या कवचात घालते आणि मगच ड्राइव्हमध्ये. पांढरं गेलं आणि खालचा तपकिरी थर शाबूत असला तर बहुतेक वेळा वाचन होतं. चकतीवर गोल पारदर्शक रेघ दिसली तर तिथला लेप गेलेला असतो. तिथलं काही परत येत नाही.

पुसूनही डिस्ककॉपी अडखळली तर पुढची पायरी ग्रीजवीझल. हेही कीअर फ्रेझर यांचंच काम. तळहातापेक्षा लहान बोर्ड, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला फ्लॉपीची 34 पिनांची केबल. त्याला खरा ड्राइव्ह जोडायचा, म्हणजे इथंही तोच मूळ ड्राइव्ह लागला. पीसीचा कंट्रोलर सेक्टर नीट उमगला नाही की हात वर करतो. ग्रीजवीझल सेक्टर उमगायची वाटच बघत नाही. हेडखालून जाणारे चुंबकीय बदल जसेच्या तसे वेळेसकट नोंदवतं आणि अर्थ लावायचं काम नंतर लॅपटॉपवर होतं. एकच ट्रॅक पुन्हा पुन्हा वाचायला लावता येतो. बाजारात जे यूएसबीचे फ्लॉपी ड्राइव्ह मिळतात ते यात उपयोगाचे नाहीत. चांगल्या फ्लॉपीला ठीक, पण आजारी फ्लॉपीपुढं ते लगेच माघार घेतात आणि तुम्हाला आतलं काही दाखवत नाहीत. माझ्या डब्यांतल्या ज्या फ्लॉप्यांची मी आशा सोडली होती, त्यांतल्या बऱ्याच ग्रीजवीझलनं परत दिल्या.

इमेज हातात आल्या, पुढं काय? आमची फाइल लॅपटॉपवर उघडली तर मराठीचा पत्ता नसतो. जिस्टचा मजकूर इस्की या संकेतात असतो, आयएस 13194:1991 हे त्याचं मानक. इंग्रजी अक्षरं खालच्या 128 जागांत, भारतीय लिप्या वरच्या. तिथं क चा क्रमांक 179. तोच क्रमांक साध्या डॉसमध्ये चौकट आखायच्या उभ्या रेघेचा! म्हणून जिस्ट कार्ड नसलेल्या पीसीवर आमच्या सभासद-याद्या म्हणजे रेघा, कोपरे आणि दुहेरी चौकटींचे तुकडे दिसतात. एखाद्या मावशींचं नाव कमल असलं तर एक उभी रेघ आणि दोन चौकटींचे सांधे. घाबरून अशा फाइली खराब समजून टाकू नका. आयसीयू या मुक्त लायब्ररीत इस्कीचा कन्व्हर्टर आहे, त्यातून काढलं की शुद्ध युनिकोड, म्हणजे आजच्या फोन-लॅपटॉपवरचा अक्षरसंकेत, मिळतं. इस्कीचा क्रम उच्चाराचा असतो: कि मध्ये आधी क, मग इकार. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच धर्तीवर बेतलेली, म्हणून हे रूपांतर इतकं सरळ होतं. पुढच्या काळातल्या डीटीपीच्या फाइलींचं तसं नाही. तिथं प्रत्येक फॉन्टनं अक्षरांचे तुकडे आपापल्या जागी ठेवले, वेलांटी दिसते तिथं म्हणजे आधी टाइप झालेली, आणि कुठला फॉन्ट होता हे माहीत असल्याशिवाय काही करता येत नाही. डॉसच्या काळातलं मराठी नंतरच्या मराठीपेक्षा सोपं वाचवता येतं, हे मला या कामातूनच कळलं, आणि सी-डॅकच्या त्या मंडळींबद्दलचा आदर आणखी वाढला.

आमच्या एका पतसंस्थेच्या यादीत भागाच्या रकमेपुढं "मयत, वारस पत्नी" अशी शेऱ्याची ओळ होती, ती माझ्याच हातची. 386 वर गोटेकमधून तीच इमेज उघडली, जिस्ट कार्डानं देवनागरी दाखवली आणि शेजारच्या लॅपटॉपवर तीच ओळ युनिकोडमध्ये. दोन्ही अक्षरशः सारखी, एक काना इकडचा तिकडं नाही. गोटेकला मी चांगला म्हणते ते मुख्यतः यासाठी. फाइल वाचवून संग्रहात ठेवणं वेगळं आणि ती तिच्या स्वतःच्या यंत्रावर, तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चालताना दाखवता येणं वेगळं. माझ्या भाचीनं त्या यंत्रावर इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची रचना शिकून तिचं नाव टाइप केलं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, तिला अर्ध्या तासात जमलं.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या फ्लॉप्यांबरोबर जुने व्हायरसही येतात. त्या काळी बरेच व्हायरस पसरायचे ते फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून, म्हणजे यंत्र चालू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागातून. 1986 चा लाहोरचा ब्रेन व्हायरस सगळ्यांना माहीत असतो. आपल्याकडचा जोशी 1990 मध्ये सापडला. 5 जानेवारीला यंत्र चालू केलं की तो पडद्यावर "हॅपी बर्थडे जोशी" टाइप करायला सांगायचा आणि तसं केल्याशिवाय हलू द्यायचा नाही. आजच्या लॅपटॉपला यांचा धोका नाही, पण तुमच्या 386 ला आहे, आणि एका इमेजवरून सगळ्या इमेजवर पसरायची सोय गोटेक आयती करून देतो. म्हणून फ्लॅशफ्लॉपीच्या सेटिंगमध्ये सगळ्या इमेज फक्त वाचायच्या, असं लावून ठेवा आणि लिहायचं असेल तेव्हाच मोकळं करा. वाचवलेल्या इमेजची मूळ प्रत पेन ड्राइव्हशिवाय दुसरीकडं असलीच पाहिजे.

पैशाचं सांगायचं तर मला गोटेक दोन हजारांच्या आत पडला, ओएलईडी आणि फिरतं बटण त्यावर काहीशे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सुटे भाग सहज मिळतात, पुण्यात तपकीर गल्लीत विचारावं. ग्रीजवीझल बाहेरून मागवावं लागलं, ते महाग पडलं. हातात मोजकेच पैसे असतील तर आधी मूळ ड्राइव्हचे हेड साफ करून तो चालता करा, मग गोटेक घ्या, आणि डिस्ककॉपीला न जुमानणाऱ्या फ्लॉप्या साठल्या की ग्रीजवीझल. ज्यांच्याकडं जुनी फ्लॉपी एकही नाही, नुसते डॉसचे खेळ चालवायचेत, त्यांनी गोटेक एकटा घेतला तरी चालेल. तरीही मूळ ड्राइव्ह फेकू नका, दुसऱ्या कुणाच्या तरी डब्याला तो लागेल.

सव्वापाच इंचीचं काम माझ्याकडं अडलेलं आहे. गोटेक 1.2 एमबीच्या ड्राइव्हची जागा घेऊ शकतो, इमेजही चालवतो, पण सरांच्या सगळ्यात जुन्या फ्लॉप्या त्या मापाच्या आहेत आणि त्यांना खरा ड्राइव्हच लागतो. मी शोधतेय. मिळाला की आधी हेड पुसणार, मग पट्टा आणि मोटर बघणार, आणि पहिली फ्लॉपी घालणार ती रिकामी.